अग्नीचें मखर

गणपतीला मखर करतात, महालक्ष्म्यांना करतात. चैत्रांत गौरीच्या झोपाळ्याभोंवतीं आरास मांडतात. परंतु ज्याच्या जिवावर घरांतील अकरा माणसांना दोन्ही वेळां ऊन ऊन अन्न मिळतें, त्या अग्नीला मखर करावें ही गोष्ट आमच्या घरीं प्रथम निघाली, तेव्हां सर्वांनींच ती हंसण्यावारी नेली. पुढें मात्र या मखरानें आम्हांला चांगले चार महिने विचार करावयास लावलें. त्यांत कांहीं वाद झाले, एक मोठी चूक होतां होतां राहिली, आणि शेवटीं जें उभें राहिलें त्यापासून इतर घरांना उपयोग होण्यासारखें कांहीं आहे असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

आमचें शहापूर भंडाऱ्याच्या अलीकडे, नागपूरहून येणाऱ्या हमरस्त्यावर आहे. शेजारीं जवाहरनगरची आयुध निर्माणी व भोंवतीं धानाच्या बांध्या. घर जुनें, कवेलूंचें. दोन पावसाळ्यांपूर्वीं पुढची ओसरी खचली. तिच्या ढिगाऱ्यांतून एक वस्तु मात्र अभंग निघाली : माजघराच्या रुंद दारावरची सागवानी महिरप. दोन खांब, मध्यें कमान, कमानीवर कमळें व पोपट. मामंजींच्या आजोबांनीं ती करविलेली. ती गोठ्यांत धूळ खात पडूं नये अशी लहानथोर सर्वांचीच इच्छा होती.

त्याच सुमारास सासूबाईंच्या डोळ्यांतील मोतिबिंदूचें ऑपरेशन झालें, आणि चुलीचा धूर यापुढें वर्ज्य करावा असें डॉक्टरांनीं बजावून सांगितलें. गॅस आमच्या घरीं येऊन पुष्कळ वर्षें झालीं. परंतु तो एका जुन्या टेबलावर, चुलीच्या शेजारीं, पाहुण्यासारखा बसलेला. चहा, दूध, वरण-भात त्यावर. भाकरी, सणाचा मोठा स्वयंपाक व आंघोळीचें पाणी चुलीवर. आतां चूल काढून तिच्या जागीं ओटा बांधावा, गॅसची शेगडी त्यावर ठेवावी आणि भोंवतीं ती महिरप बसवावी, असें ठरलें. सासूबाई एवढेंच म्हणाल्या, "चूल गेली म्हणजे माझी बसायची जागा गेली." हें वाक्य त्या वेळीं कोणी फारसें मनावर घेतलें नाहीं, परंतु सबंध बांधकामांत तेंच शेवटपर्यंत आमच्यापुढें उभें राहिलें.

चूल मोडण्यापूर्वीं आम्ही ती एकवार नीट न्याहाळून पाहिली, हें फार बरें झालें. जाड मातीचें अंग, शेजारीं वैल, पुढें निखारे ओढावयास जागा. मागची भिंत सारवलेली आणि वर कवेलूंत ठेवलेलें धुराडें. चुलीच्या हातभर अंतरांत, जळतें सरपण सोडल्यास, लांकूड म्हणून नव्हतें. उरलेलीं लांकडें सासूबाई रात्रीं न चुकतां दूर सरकवीत. मिठाचा कोनाडा बाजूच्या भिंतींत होता, चुलीच्या डोक्यावर नव्हता. अग्नीच्या जवळ काय असावें, काय दूर असावें आणि किती दूर असावें, याचा निकाल जुन्या गृहिणींनीं पूर्वींच लावून ठेवलेला होता. त्यांना एकच शत्रु जिंकतां आला नाहीं, तो म्हणजे धूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें घरांतील अशा धुरानें दूषित झालेल्या हवेपायीं २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लाख माणसें मृत्यु पावलीं. बायकांच्या मोतिबिंदूशींहि या धुराचा संबंध ती संघटना जोडते.

आमच्या विदर्भांत या शत्रूशीं झुंज फार पूर्वींपासून चालू आहे. १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें ठाणें वर्ध्याच्या मगनवाडींत होतें, आणि धूर नळीवाटें घराबाहेर घालविणारी 'मगन चूल' ही त्याच मगनवाडीची देणगी. सासूबाईंचें माहेर वर्ध्याकडचें असल्यामुळें ती चूल त्यांनीं लहानपणीं पाहिलेली होती. "आंच आंत राहायची आणि धूर छपराबाहेर जायचा," एवढेंच तिचें वर्णन त्या करीत. तें वर्णन लहान असलें तरी पुरेसें आहे. गॅस आल्यावर आपण त्या धड्याचा अर्धा भाग विसरलों, हें आमच्या ध्यानांत यावयास पुढें एक प्रसंग घडावा लागला.

सिलिंडरांतला हा गॅस आपल्याकडे मुंबईस १९५५ च्या सुमारास आला. इंडियन ऑइलनें 'इंडेन'ची पहिली जोडणी १९६५ सालीं कलकत्त्यास दिली, आणि १ मे २०१६ रोजीं उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर तो खेड्यांतील लहानशा खोपटांपर्यंत जाऊन पोंचला. काजळी नाहीं, फुंकणी नाहीं, डोळे चुरचुरणें नाहीं. तेव्हां याला धुराड्याची गरज ती काय, असें कोणालाहि वाटावें. आमच्या सुतारालाहि तसेंच वाटलें. त्याची योजना अशी होती : महिरप शेगडीच्या दोन्ही बाजूंना खेटून उभी करावी, कमानीखालीं सागवानी फळी मारून तिच्यावर मीठ, तिखट, चहा, साखर यांचे डबे मांडावे, सिलिंडर ओट्याखालीं दारें लावून कपाटांत दडवावा, आणि 'गॅसला धूर नसतो' म्हणून छपरांतलें धुराडें बुजवून टाकावें, म्हणजे पावसाचें पाणीहि थांबेल. ऐकावयास हें सारें सुबक होतें. घरांतील बहुतेकांना तें पसंत पडलें आणि खरें सांगावयाचें तर मलाहि पसंत पडलें.

सुदैवानें महिरप पक्की करण्यापूर्वीं ती त्या जागीं चार दिवस नुसती टेकून ठेवली होती, आणि धुराड्यावर तात्पुरतें फरशीचें झांकण घातलें होतें. होळीच्या दिवशीं पुरणाचें मोठें पातेलें तास-दीड तास शेगडीवर होतें. पातेलें शेगडीच्या काठाबाहेर आलेलें, म्हणून ज्योत त्याच्या बुडाखालून बाजूला पसरत होती. थोरल्या जाऊबाईंनीं पातेलें उतरवितांना सहज आधाराला म्हणून खांबाला हात लावला, तों चटका बसून हात मागें आला. पाहतों तों खांबावरचें जुनें रोगण मऊ होऊन बोटांना चिकटत होतें, आणि कमानीच्या खालच्या कडेवर घामासारखे पाण्याचे थेंब जमले होते. आग लागली नव्हती, कांहीं जळलें नव्हतें. तरी त्या दिवशीं सुताराला 'आज काम राहूं द्या' असें सांगितलें, आणि मग इकडून कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडण्यास सुरुवात झाली.

पहिला हिशेब लांकडाचा. लांकूड पेट घेण्यास साधारणपणें अडीचशें अंश सेल्सियसच्या वर उष्णता लागते, म्हणून चटका बसण्याइतकें तापलेलें लांकूड कांहीं लगेच पेटत नाहीं. परंतु शंभर-सवाशें अंशांच्या आसपास तें वर्षानुवर्षें तापत राहिलें तर आंतून हळूहळू कोळशासारखें होत जातें, आणि मग पुष्कळ कमी उष्णतेलाहि पेट घेऊं शकतें. म्हणजे पहिल्या वर्षीं निर्धोक वाटलेलें मखर दहाव्या वर्षीं घात करूं शकतें. शिवाय तें दहा वर्षें निर्धोक राहिलें म्हणून तोंवर सर्वांचा त्यावर विश्वास बसलेला असतो.

दुसरा हिशेब हवेचा. एक किलो गॅस नीट जळावयास सुमारें बारा घनमीटर हवा लागते, आणि तो जळून सुमारें दीड किलोहून थोडी अधिक पाण्याची वाफ व तीन किलो कर्बवायु निर्माण होतो. कमानीवरचे थेंब कोठून आले, तें आतां कळलें. कांहीं भाग पुरणाच्या वाफेचा, कांहीं भाग खुद्द ज्योतीचा. गॅसला धूर नसतो हें खरें. परंतु त्याला श्वास असतो, आणि तोहि आपल्याप्रमाणें चांगली हवा घेऊन वाईट हवा सोडतो. हवा अपुरी पडली कीं ज्योत निळी राहत नाहीं, पिवळी होते, भांड्यांना काजळी धरते, आणि रंग-वास नसलेला विषारी वायु उत्पन्न होतो. थंडीच्या रात्रीं बंद खोलींत निखाऱ्यांची शेगडी ठेवून निजलेलीं माणसें सकाळीं उठत नाहींत, तीं याच वायूमुळें.

तिसरा हिशेब न जळलेल्या गॅसचा. हा गॅस हवेपेक्षां दीडपट ते दुप्पट जड असतो. गळला तर तो वर जात नाहीं. पाण्यासारखा जमिनीवर पसरतो, मोरींत उतरतो, बंद कपाटाच्या तळाशीं सांचतो. द्रवरूप गॅस एक लिटर सांडला तर त्याचा सुमारें अडीचशें लिटर वायु होतो, आणि हवेच्या शंभर भागांत त्याचे दोन भाग मिसळले कीं मिश्रण पेटण्याजोगें होतें. दारें लावलेल्या सुबक कपाटांत सिलिंडर ठेवणें म्हणजे या दोन भागांची सोय आपल्या हातानें करून ठेवणें होय.

आमच्या वन्सं अमेरिकेंत असतात. त्यांच्या घरीं बैठकीच्या खोलींत गॅसची शेकोटी आहे, व तिच्याभोंवतीं दगडी चौकट आणि वर शोभेची फळी त्यांच्या यजमानांनीं स्वतःच्या हातानें बसविलेली आहे. आपल्याकडील थंडी ती काय! नागपुरास २९ डिसेंबर २०१८ रोजीं पारा ३.५ अंशांवर उतरला, तर आम्ही अजून ती कथा सांगतों. अंगणांत शेकोटी केली कीं आमची थंडी भागते. तिकडे महिनेच्या महिने बर्फ, म्हणून अग्नि घरांत घ्यावा लागतो, आणि त्यामुळें त्याच्या मखराचे नियमहि त्यांना बारकाईनें करावे लागले. टेलिफोनवर वन्संनीं जें सांगितलें त्यानें आमचा मार्ग पुष्कळ सोपा झाला.

त्यांच्या शेकोटीचें तोंड काचेनें बंद असतें. ज्योतीला लागणारी हवा बाहेरून नळीवाटें येते आणि जळलेली हवा नळीवाटेंच बाहेर जाते. ती काच फार तापते. लहान मुलें तिला हात लावून भाजत, म्हणून ७८ अंशांहून अधिक तापणाऱ्या काचेपुढें जाळी असलीच पाहिजे असा नियम १ जानेवारी २०१५ पासून तयार होणाऱ्या शेकोट्यांना तिकडे लागू झाला. फळीचा नियम तर गणितासारखा आहे. लांकूड जाळण्याच्या शेकोटीच्या तोंडापासून सहा इंचांत लांकडी काम मुळींच नको. त्यापुढें बारा इंचांपर्यंत, तोंडापासून जितके इंच अंतर तितके अष्टमांश इंच, एवढेंच लांकूड भिंतीबाहेर डोकावूं द्यावयाचें. आठ इंचांवर एक इंच, बारा इंचांवर दीड इंच. गॅसच्या शेकोटीला ज्याचें त्याचें कोष्टक कारखान्याकडून येतें व तेंच पाळावें लागतें. विलायतेंतहि हा विचार जुना आहे. काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञानें १७९६ सालीं शेकोट्यांवर निबंध लिहून, बाजूच्या भिंती तिरप्या कराव्या व धुराड्याचा गळा अरुंद करावा, म्हणजे उष्णता खोलींत येईल व धूर वर जाईल, असें दाखवून दिलें. या सर्वांचें सार एकच : आधीं अंतर, मग वाट, आणि शोभा सर्वांच्या शेवटीं. आमच्या सुताराची यादी नेमकी उलट्या क्रमानें लिहिलेली होती.

आमची शेगडी उघडी. तिला अमेरिकेंतील कोष्टक जसेंच्या तसें लागू पडणार नाहीं. म्हणून शेगडीच्या वर पोलादी धुरशोषक बसविणारे कारखाने साधारणतः २६ ते ३० इंच अंतर सांगतात, त्यांतलें मोठें अंतर आम्ही दगडालाहि धरलें व लांकडाला त्याहून अधिक धरलें.

आतां उंचीचा प्रश्न. बाजारांत जो तो ३२ ते ३४ इंच उंचीचा ओटा सांगतो. परंतु त्यावर पांच इंचांची शेगडी आणि सहा इंचांचें पातेलें चढतें, हें कोणी हिशेबांत घेत नाहीं. आम्हां जावांत मी पांच फूट. माझें कोपर जमिनीपासून सुमारें ३७ इंचांवर. ३३ इंचांच्या ओट्यावर पातेल्याचा कांठ ४४ इंचांवर जातो, म्हणजे खांदा उचलल्यावांचून डाव फिरत नाहीं आणि वाफ सरळ तोंडावर येते. उलट पोळी लाटावयास कोपराखालीं चार-पांच इंच, एवढी उंची योग्य पडते. म्हणून ओटा दोन पातळ्यांचा केला. शेगडीचा भाग २७ इंच, आणि लाटण्या-चिरण्याचा भाग ३२ इंच. सिलिंडर दोन फुटांहून किंचित् उंच असतो आणि त्यावर रेग्युलेटर व तो फिरविणारा हात. तेव्हां तो उंच भागाखालीं सहज राहतो, आणि शेगडी त्याच्याहून वरच्या पातळीवर राहते. त्या जागेला दार नाहीं, खळगा नाहीं. मागच्या भिंतींत जमिनीलगत दोन भोंकें थेट बाहेर काढलीं व त्यांना उंदरांसाठीं जाळी लावली. मोरी तेथून दूर, खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यांत नेली.

रबरी नळी दीड मीटरहून लांब नाहीं, भिंतींतून अथवा शेगडीच्या पाठीमागच्या तापत्या जागेंतून नेलेली नाहीं, आणि ती कधीं बसविली तें साल तिच्या शेजारीं भिंतीवर रंगानें लिहून ठेवलें आहे, कारण पांच वर्षांनीं ती बदलावी लागते आणि संयुक्त कुटुंबांत जें काम सर्वांचें तें कोणाचेंच नसतें. विजेचीं बटणें सिलिंडरापासून दूर व उंच घेतलीं. वास आला तर बटण लावावयाचें नाहीं आणि बंदहि करावयाचें नाहीं. रेग्युलेटर बंद करून दारें-खिडक्या उघडावयाच्या, बाहेर यावयाचें आणि बाहेरून १९०६ या क्रमांकावर टेलिफोन करावयाचा, हें घरांतल्या आठ वर्षांच्या मुलीलाहि पाठ आहे.

ओट्याला दगड कोणता घ्यावा यावर पुन्हां चर्चा झाली. कडप्पा स्वस्त, परंतु तो चुनखडीच्या जातीचा, लिंबू, चिंच किंवा ताक सांडलें कीं डाग धरतो. म्हणून वर ग्रॅनाइट घेतला आणि कडप्पा इतर ठिकाणीं वापरला. शेगडीच्या दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच मोकळी जागा सोडून दीड फूट उंचीचे विटांचे दोन पाखे उभे केले. रम्फर्डसाहेबांच्या रीतीप्रमाणें ते पुढच्या बाजूला थोडे उघडणारे, तिरपे. त्यांमुळें खिडकीचा वारा ज्योतीला लागत नाहीं, मोठें पातेलें उतरवितांना कोपर अडत नाहीं, आणि लांकडाकडे जाणारी आंच तेथेंच अडते.

या पाख्यांच्या गिलाव्याला आमच्या जिल्ह्याची एक वस्तु कामास आली. भंडारा धानाचा, जागोजाग भातगिरण्या. धानाच्या वजनाचा सुमारें पांचवा हिस्सा तूस निघतो, आणि तूस जाळलें कीं त्याच्या पांचव्या हिश्शाइतकी राख राहते. ही राख बहुतेक निव्वळ सिलिका. हलकी, सच्छिद्र आणि उष्णता अडविणारी. चिकणमाती, वाळू आणि ही राख कालवून दोन बोटें जाडीचा गिलावा दिला. सिमेंट फार तापून वारंवार थंड झालें म्हणजे भेगाळतें. हा गिलावा भेगाळला तरी पोतेऱ्यानें बुजवितां येतो, आणि ती विद्या घरांतल्या बायकांना आहेच. मात्र राख कोरडी चाळूं नये. ती बारीक धूळ छातीला वाईट. आम्हीं ती आधीं भिजवूनच कालविली व नाकाला फडकें बांधलें. एक चूक झाली ती सांगून टाकतें : घाईनें एकाच दिवशीं सबंध थर दिला व दुसऱ्या दिवशीं शेगडी पेटविली, सारा गिलावा पापुद्र्यासारखा सुटून आला. पुन्हां तीन पातळ थर देऊन, प्रत्येक थर सावलींत वाळवून काम केलें, तें आजवर टिकलें आहे.

पाख्यांच्या बाहेर आणखी सहा इंच सोडून महिरपीचे खांब जमिनीवरच्या दगडी तळखड्यांवर भिंतीलगत उभे राहिले. म्हणजे शेगडीच्या काठापासून लांकूड दीड फुटाहून अधिक दूर गेलें. ज्योतीपासून ३० इंच उंचीवर, लोखंडी आधारांवर, नऊ इंच रुंदीची कडप्प्याची फळी बसविली. आणि कमान सुरू होते ती तिच्याहि वर, ज्योतीपासून सव्वातीन फुटांवर. खांब व भिंत यांमध्यें बोटभर पोकळी ठेवली आहे, तेणेंकरून लांकडाच्या पाठीमागून हवा खेळती राहते. धुराड्यावरचें झांकण काढून टाकलें, पावसासाठीं वर कवेलूंची टोपी केली, आणि त्याच्याजवळ हवा बाहेर टाकणारा पंखा बसविला. खालून ताजी हवा येते, वरून शिळी जाते.

राहिली ती फळी. तिच्यावर डबे ठेवावयाचे नाहींत हा निर्णय मात्र आम्हां बायकांचा. रोज लागणारी वस्तु ज्योतीच्या डोक्यावर ठेवली कीं दिवसांतून वीस वेळां हात ज्योतीवरून जातो, आणि हाताबरोबर पदर जातो. सुती पदर पेटतो. कृत्रिम धाग्याचा पेटून वितळतो आणि अंगाला चिकटतो. डबे उजवीकडच्या भिंतींतल्या जुन्या कोनाड्यांत गेले, जेथें चुलीच्या वेळीं मीठ होतें तेथेंच. फळीवर फक्त सणावारीं काढावयाचीं पितळी भांडीं मांडलीं. भंडारा हें नांवच 'भाण' म्हणजे पितळेचें ताट या शब्दावरून पडलें असें पुष्कळजण सांगतात. तेव्हां आमच्या अग्नीच्या मखराला याहून योग्य आरास दुसरी कोणती असणार!

महिरप उभी राहिली, पितळ चकाकूं लागलें, शेजारपाजारचीं माणसें पाहून गेलीं. परंतु सासूबाईंची जागा? त्यांना गुडघ्यांमुळें फार वेळ उभें राहवत नाहीं. प्रथम वाटलें, उंच स्टूल द्यावें. त्यावर बसवून पाहिलें तेव्हां ध्यानांत आलें कीं, बसलेल्या माणसाचा चेहरा ज्योतीच्या जवळ व पातेलें छातीशीं येतें. उघड्या गॅसपुढें बसून स्वयंपाक करणें धोक्याचेंच. ओटा हा उभ्यानें काम करणाऱ्याचा, चूल ही बसून काम करणाऱ्याची. या दोहोंचा मेळ घालतां येत नाहीं, हें आम्हांला कबूल करावें लागलें. आपण ओटा बांधतों तेव्हां घरांतील वडील बाईला न बोलतां स्वयंपाकघराबाहेर काढीत असतों, आणि तें आपल्या लक्षांतहि येत नाहीं.

म्हणून ओट्यासमोर, खिडकीखालीं, आठ इंच उंचीचा व तीन फूट रुंद असा एक दगडी चौथरा केला. तेथें पाठ टेकावयास भिंत, उजेड डाव्या हाताला, शेजारीं विळी, पोळपाट व परात. पुरण वाटणें, करंज्या भरणें, भाजी निवडणें, आणि मीठ किती घालावें तें सांगणें, हीं सारीं कामें तेथून होतात. ज्योत तेथून पांच फूट दूर आहे. पण चौथऱ्यावरून ती स्पष्ट दिसते. चुलीची जुनी माती भिजवून मागच्या सपरींत नवी चूल घातली. ती सपरी तीन बाजूंनीं मोकळी, धूर कोंडत नाहीं. कुळाचाराचा नैवेद्य तेवढा तेथें होतो, आणि त्या दिवशीं लांकडें पुढें सरकविण्याचें काम आम्ही सुना करतों, सासूबाईंना जवळ बसूं देत नाहीं.

ओट्यावर पहिल्या दिवशीं रीतीप्रमाणें दूध उतूं घातलें. मामंजींनीं महिरपीला हळदकुंकू वाहिलें. सासूबाईंनीं चौथऱ्यावर बसून सारें पाहिलें आणि मग खांबाला हात लावून म्हणाल्या, "गार आहे." आमच्या चार महिन्यांच्या खटपटीला याहून मोठें प्रशस्तिपत्र नको होतें.

आतां दर दिवाळीपूर्वीं आम्ही महिरपीला जवसाच्या तेलाचा हात देतों. तेवढ्यांतहि एक पथ्य आहे, तें जातां जातां सांगतें. जवसाच्या तेलाचे बोळे ढीग करून ठेवले तर ते आपोआप तापत जातात व केव्हां केव्हां पेटतातहि. म्हणून तेल लावून झालें कीं सासूबाई फडकीं मोजून घेतात, आणि तीं एकेक अंगणांतल्या दोरीवर पसरलेलीं पाहिल्यावांचून जेवावयास बसत नाहींत.